पंच कुठेत?

परवा दुपारी जेवण झाल्यावर फोन घेऊन आडवा झालो, तर समोर ‘सीआयडी’ ह्या हिंदी पोलिसी मालिकेचा 1998 सालचा एक भाग आला. पडद्यावर एक गुन्हेगार होता. अंगानं बारीक, केस भरपूर, नजर इकडेतिकडे. त्यानं तोंड उघडलं आणि मी उठूनच बसलो. हा तर आपला अभिजीत! ज्या माणसानं पुढं जवळजवळ वीस वर्षं डोळे बारीक करकरून संशयितांना घाम फोडला, तो इथं स्वतःच गुन्हेगार होऊन आलेला. लगेच ताईला फोन लावला.

“माहीत आहे मला,” ताई म्हणाली. ताईला सगळं आधीच माहीत असतं. “आधी गुन्हेगार म्हणून आला आणि 1999 मध्ये इन्स्पेक्टर होऊन परत आला. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी असते म्हणतात ना? ह्याची कुणी केली?”

मग आम्ही दोघांनी तो भाग एकत्र बघायचं ठरवलं. ती तिच्या घरी, मी माझ्या, फोन स्पीकरवर. “एक, दोन, तीन, लाव” म्हणून लावला तरी तिचा भाग माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढंच धावत होता. त्यामुळं दारावरची टकटक मला आधी ताईच्या घरातून ऐकू यायची आणि मग माझ्या फोनमध्ये दार वाजायचं. दोन सेकंदांपुरता मी प्रेषित होतो.

टकटक हे मुद्दाम लिहिलं. सुरुवातीच्या त्या भागांत मंडळी दार वाजवतात. वाजवून थांबतात. आतून कुणीतरी येतं, कडी काढतं, “कोण पाहिजे?” विचारतं. दाराला खांदा लावायची सवय अजून जडायची होती. एसीपी प्रद्युम्नांचा तो हवेत फिरणारा पंजाही अजून नीट वळायला लागलेला नाही. प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम नुसते उभे राहतात आणि ऐकून घेतात. त्यांना असं ऐकून घेताना बघायची मला पुढं सवयच राहिली नव्हती. शेजारी कधी इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून आशुतोष गोवारीकर दिसतात. पुढं ‘लगान’ घेऊन हा माणूस ऑस्करच्या अंतिम पाचांत पोचणार आहे आणि इथं मात्र सरळ चेहऱ्यानं कुणाच्या तरी कपाटाचे खण उघडतोय. ह्यांतल्या कुणालाच पुढचं काही माहीत नाही आणि आपल्याला सगळं माहीत आहे. फक्त खुनी कोण, तेवढं आठवत नाही.

हे माझं नेहमीचं आहे. खुनी मी दर वेळी विसरतो. सोफ्याचा लाल अभ्रा आठवतो, बंगल्याच्या पायऱ्या आठवतात, त्या वेळी आपण फरशीवर बसलो होतो की खाटेवर तेही आठवतं. पण ज्याच्यासाठी तासभर बसलो तो माणूस पार पुसला जातो. रहस्यकथा दुसऱ्यांदा बघण्यात काय मजा, असं विचारणाऱ्यांची स्मरणशक्ती चांगली असावी. देवानं त्यांना तेवढं दुःख दिलंय.

शिवाय मला तपासात फारसा रसही नसतो. मी प्रेताकडे बघतो. प्रेताचं पोट हलतंय का, पापणी थरथरतेय का, गळ्याशी नस उडतेय का. सगळे जण भोवती उभं राहून बोलत असतात, डॉक्टर साळुंखे वाकून काही सांगत असतात आणि माझं सगळं लक्ष त्या बिचाऱ्या आडव्या नटाकडे. कधी कधी तो श्वास धरून असतो ते स्पष्ट कळतं आणि एसीपींचं वाक्य लांबलं की माझाच जीव घाबरा होतो. ताईचं मत असं की, डोळे मिटून मेलेल्याचं काम सोपं. डोळे उघडे ठेवून मरणाऱ्याला मानधन दुप्पट हवं. हे मला पटतं. 2004 साली ह्या लोकांनी 111 मिनिटांचा एक भाग मध्ये कुठंही न तोडता एका दमात चित्रित केला आणि गिनीज बुकात नाव घातलं. सगळ्यांनी कॅमेरामनचं कौतुक केलं. मला पहिली काळजी प्रेताची.

आजीची पद्धत वेगळी होती. तिला हिंदी अर्धवट कळायचं, त्यामुळं ती संवादांच्या नादी लागत नसे. पोलीस घरात आल्यावर जो पहिल्यांदा चहापाणी विचारेल तो खुनी, हा तिचा सिद्धांत. “पोटात पाप नसतं तर एवढा गोड कशाला बोलला असता?” स्वतः मात्र विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही. आम्ही हे तिच्या लक्षात आणून दिलं तर म्हणायची, “मी काय खून केलाय का?” ह्या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. आणि सांगायची गोष्ट म्हणजे तिचा अंदाज बऱ्याचदा खरा ठरायचा. नाही ठरला, तर पोलिसांनी चुकीचा माणूस धरला असं ती धरून चालायची.

केबलची तार तेव्हा समोरच्या गच्चीवरून आमच्या खिडकीत यायची. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. नेमक्या शेवटच्या दहा मिनिटांत मुंग्या आल्या की घरात आकांत. आवाज येत असायचा, पण एसीपी कुणाशी बोलतायत ते दिसायचं नाही. “तुम्हीच मारलंत त्याला!” असं ऐकू यायचं आणि पडद्यावर नुसती खरखर. असे किती तरी खून आमच्याकडं अजून उघड्यावर पडून आहेत.

ह्या सगळ्यात बाबांचा त्रास सर्वांत मोठा. बाबांना ही मालिका आवडायची. साटमांना ते जुने ओळखीचे असल्यासारखे मानत, कारण त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची, तीही ‘सीआयडी’वाल्या बी. पी. सिंगांचीच, तिच्यातही साटम होते, आणि बाबांनी ती भक्तिभावानं बघितलेली. पण ‘सीआयडी’ची मंडळी कुणाच्या घरात शिरून कपाटं उघडायला लागली, गादीखालून सुरा काढायला लागली की बाबा खुर्चीत पुढं सरकायचे आणि म्हणायचे, “पंच कुठेत?”

कुणी उत्तर द्यायचं नाही.

“अरे, पण पंच कुठेत? झडती घेताहेत ना? मग परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी नकोत? असाच उचलला सुरा? उद्या कोर्टात म्हणतील पोलिसांनीच ठेवला.” इन्स्पेक्टरनं सुरा रुमालात धरून उचलला तर बाबांना तेवढं समाधान नसे. तो मोजला का नाही? मुठीचा रंग कुणी लिहून घेतला? पिशवीला लाखेचं सील कुठाय? आई म्हणायची, “अहो, तासाभरात खुनी पकडायचाय त्यांना, तुमचे पंच आणायला गेले तर पुढचा शुक्रवार उजाडेल.” बाबा म्हणायचे, “उजाडू दे.”

आम्ही हसायचो. त्यांच्यामागून नक्कल करायचो. ताई तर घरात हरवलेली कात्री सापडली तरी “थांबा, पंच बोलवा” म्हणायची. बाबांना ह्यातलं एवढं कसं माहीत, हा प्रश्न आम्हाला पडत नसे, कारण ते आम्हाला पक्कं माहीत होतं. ते एकदा खरोखरच पंच झाले होते.

मालिका सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक मास्तर राहायचे. निवृत्त, एकटे. सकाळची दुधाची पिशवी संध्याकाळपर्यंत दाराच्या कडीला लटकलेली दिसली, दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. हाका मारून झाल्या. मग कुणीतरी चौकीत जाऊन सांगितलं. एक फौजदार आणि एक हवालदार आले. आम्हा मुलांना घरात कोंडलं होतं, पण जिन्याकडच्या जाळीतून दिसत होतं.

दार कुणी तोडलं नाही. हवालदार खाली जाऊन सुताराला घेऊन आला. सुतारानं चपला बाहेर काढल्या, पिशवीतून पटाशी काढली, फट बघितली आणि दाराला कान लावून हलकेच ठोकायला लागला. आतल्या कोयंड्याचे स्क्रू सैल व्हायला बराच वेळ गेला. लाकूड जुनं, सागवानी. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, “चौकट चांगली आहे, जपून करतो.” फौजदार म्हणाले, “करा.” जिन्यात उभी असलेली सगळी मोठी माणसं गप्प होती आणि तो एकटा माणूस चौकट जपत होता.

मग बाबांना आणि समोरच्या काकांना आत बोलावलं. पंच म्हणून. पुष्कळ वेळानं दोघं बाहेर आले. फौजदारांनी मांडीवर फळी घेऊन, कार्बन घालून कागद लिहिले होते. बाबांच्या उजव्या बोटांना निळी शाई लागली होती. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पुढं डॉक्टरांनी हृदयविकार म्हणून सांगितलं. खुनी वगैरे कुणी नव्हतंच.

खोलीत काय होतं ते बाबांनी कधी सांगितलं नाही. एकच गोष्ट एकदा आईला सांगताना मी ऐकली. पंचनाम्यात अंगावरच्या पांघरुणाचा रंग लिहायचा होता. फौजदार म्हणाले, चॉकलेटी लिहू. बाबा म्हणाले, चॉकलेटी नाही, बदामी आहे. समोरचे काका म्हणाले, तपकिरी म्हणा ना. मग ते पांघरुणाचं टोक खिडकीच्या उजेडात धरून तिघांनी बघितलं. शेवटी बदामी लिहिलं गेलं. “काय करायचं होतं बदामी की चॉकलेटी,” आई म्हणाली. बाबा म्हणाले, “सही माझी होती ना.”

जुलै 2024 पासून नवा कायदा आला. झडती-जप्तीचं आता चित्रीकरण करायचं असतं. बातमी वाचून बाबा खूश झाले होते. म्हणाले, कॅमेरा तर त्यांच्याकडं पहिल्यापासून होताच.

ह्यात ‘सीआयडी’ राहिलंच बाजूला. 1547 भाग करून 2018 मध्ये बंद पडलं, 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. 2025 मध्ये एसीपी प्रद्युम्नांना बॉम्बस्फोटात घालवलं तेव्हा आमच्या घरात सुतक पाळायचंच बाकी राहिलं होतं. पुढं ते परत आले. मालिकेत येता येतं. फ्रेडरिक्स झालेले दिनेश फडणीस मात्र 2023 मध्ये खरोखरच गेले, आणि जुन्या भागांत ते हसवायला लागले की हल्ली मी जरा पुढं ढकलतो.

मास्तरांचा पुतण्या मात्र सांगायचा राहिला. तो मालिका ऐन भरात असताना एकदा संध्याकाळी आमच्याकडं आला होता. इतक्या वर्षांनी. खोलीच्या कागदपत्रांचं काहीतरी काम होतं. बोलता बोलता त्याला कळलं की पंचनाम्यावर बाबांची सही आहे. चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, “म्हणजे तुम्ही आत होतात. त्यांना फार त्रास झाला असेल का हो? काही कळत होतं का?”

बाबांना काय बोलावं सुचेना. पंचनाम्यात असलं काही नसतं. त्यात बादलीपासून घड्याळापर्यंत सगळं असतं, कुठली वस्तू भिंतीपासून किती फुटांवर ते असतं, पण हे नसतं. बाबा बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघत होते. मग म्हणाले, “पांघरूण अंगावर नीट होतं.”

पुतण्यानं मान हलवली. बदामी रंगाचं, त्याच्या आईनंच विणलेलं, असं काहीसं तो म्हणाला.

त्या रात्री दहाला ‘सीआयडी’ लागलं. कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये शिरून त्यांनी सगळे खण उपसले, उशीतून कसलीशी चिठ्ठी काढली. बाबा काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात मात्र पुन्हा सुरू झाले.