विश्वास होता, तर चॅपल बंद का केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आणि तुम्ही एकटेच नाही, पालक विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, चर्चच्या मंडळीतली मोठी माणसंही विचारतात, की देवावर एवढा विश्वास होता तर कोरोनात शाळेचं चॅपल, म्हणजे सगळ्या शाळेची एकत्र उपासना, बंद का केलंत? मी ख्रिस्ती शाळेत शिकवते, चॅपल तेव्हाही माझ्याकडेच होतं, त्यामुळे उत्तर मीच द्यायला हवं.

सरळ सांगते, विश्वास होता म्हणूनच बंद केलं. त्या दिवसांत माझ्या फोनवर जो तो बायबलमधलं ९१ वं स्तोत्र पाठवत होता, मरीचं भय वाटणार नाही, अरिष्ट घराजवळ येणार नाही. सुंदर स्तोत्र आहे, मी पण म्हणायचे. पण बायबलमध्येच, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र सैतान येशूला ऐकवतो हे किती जणांच्या लक्षात येतं? मंदिराच्या टोकावर उभं करून म्हणतो, टाक उडी, देवदूत झेलतील असं लिहिलंय ना. येशू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, एवढंच म्हणतो. आता सगळी शाळा एका हॉलमध्ये खांद्याला खांदा लावून मोठमोठ्याने गाणार, मग मुलं घरी जाऊन आजीच्या शेजारी बसणार आणि आम्ही म्हणणार देव बघून घेईल, माझ्या मते ही तीच उडी होती.

आणि गाण्याचं म्हणाल तर ते काही उगाच घाबरणं नव्हतं. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका कॉयरची, म्हणजे समूहगायकांची, प्रॅक्टिस झाली, ६१ जण, अडीच तास. त्यातले ५३ आजारी पडले, दोघं गेले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, माणसं गायला जमली होती फक्त.

शिवाय हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा विद्यापीठच येना गावी हलवलं, तिथे शिकवणारा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मात्र मागे राहिला, आजाऱ्यांकडे जायचा, जे थोडे विद्यार्थी उरले होते त्यांना बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र शिकवायचा. त्याच वर्षी त्याने प्लेगपासून पळावं की नाही यावर एक मोठं पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो औषध घ्या, घराला धुरी द्या, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नका म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला लागण होणार नाही, पण शेजाऱ्याला गरज असेल तर बेधडक जा. मला यात दोन्ही गोष्टी एकाच विश्वासातून आलेल्या दिसतात, लांब राहणं पण आणि जाणं पण.

बरं, मग आम्ही केलं काय? झूमवर उपासना. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना अनम्यूट करून प्रभूची प्रार्थना म्हणायचं ठरलं, तर कुणाचं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ चाललंय तोवर कुणी आमेनला पोचलेलं, मध्येच कुणाच्या घरचा कुकर, कुणाचा आवाज दोन सेकंद मागे. झूमवर एकत्र गाता येत नाही, आवाज पोचायला वेळ लागतोच, त्याला इलाज नाही. म्हणून गाणं गेलं आणि त्या जागी चॅटमध्ये नावं आली. ज्यांच्यासाठी प्रार्थना हवी त्यांची नावं लिहा म्हटलं, तर आजोबा, मावशी, बाबा ऑक्सिजनवर आहेत, आईचा जॉब गेला, अशा ओळी वर सरकत राहायच्या आणि मी एकेक वाचायचे. आधी वर्षानुवर्षं आम्ही ‘सर्व आजाऱ्यांसाठी’ अशी एका वाक्यात प्रार्थना उरकायचो, मुलं डोळे किलकिले करून इकडेतिकडे बघायची. आता आठवीतला मुलगा पाचवीतल्या कुणाच्या आजोबांचं नाव घेऊन प्रार्थना करत होता, ज्यांना त्याने कधी बघितलंही नव्हतं.

मग शाळेच्या बसचे ड्रायव्हर काका गेले. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, रोज. पुढच्या चॅपलला एका मुलाने सरळ विचारलं, मिस, आपण एवढं मागितलं तरी ते गेले, मग मागायचं कशाला? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. देवाची काहीतरी योजना असेल वगैरे मला त्या पोराला सांगायचं नव्हतं. मी ८८ वं स्तोत्र उघडलं आणि आम्ही ते वाचलं. बाकीची दुःखाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळण घेतात, स्तुतीवर येतात, हे येत नाही, ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाशीच बोललेलं आहे. तो मुलगा म्हणाला, असं चालतं? मी म्हटलं चालतं.

आमच्या चॅपलमध्ये तोपर्यंत फक्त आनंदाची गाणी असायची हो. रडण्याला जागाच नव्हती. ती जागा त्या वर्षात झाली, आणि आता मी ती जाऊ देत नाही, ८८ वं दरवर्षी वाचतो, काही पालकांना मुलांसाठी ते जड वाटतं, पण मुलांना नाही वाटत.

राहता राहिलं, मग ऑनलाइनच का नाही चालू ठेवलं असंही काहीजण विचारतात. नाही. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस’ या पत्रात म्हटलंय, एकत्र मिळणं सोडू नका, आणि आम्ही ते सोडलं नव्हतं, थांबवलं होतं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र भाकरी खाण्याचा विधी, तोसुद्धा आम्ही स्क्रीनवर घेतला नाही, काही मंडळ्यांनी घेतला, त्यांना मी चूक म्हणणार नाही, पण एका भाकरीतून खायचं तर भाकरी एक हवी असं मला वाटतं. आता लिंक फक्त आजारी मुलांसाठी चालू असते. बाकीच्यांनी यायचं.