टॅबवर लिनक्स: सगळं चाललं, बोट सोडून

पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी करा. विंडोज पुसण्याआधी 'सिलीडटच.सिस' नावाची फाइल (टचस्क्रीनचा विंडोजमधला ड्रायव्हर) पेनड्राइव्हवर काढून घ्या. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, तिथे ती असते. शेजारी किंवा ड्रायव्हरस्टोअरमध्ये 'सिलीडटच.एफडब्ल्यू' दिसली तर तीही घ्या. दहा सेकंदांचं काम आहे. ते मी केलं नाही आणि नऊ दिवस घालवले.

टॅब कुठला, तर इंटेल अ‍ॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (आतलं स्टोरेज), १० इंची पडदा आणि सगळ्याला मिळून एक मायक्रो यूएसबीचं भोक. २०१४-१५ च्या सुमारास असे टॅब ढिगाने आले. पाठीवरचं नाव वेगळं, आतला माल जवळपास तोच. त्यावर ३२-बिट विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. हार्डवेअर मात्र धडधाकट. म्हणून डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं ठरवलं. १३ च का, ते पुढे टचपाशी कळेल.

इन्स्टॉलेशनमध्ये बहुतेकजण जिथे अडकतात ती जागा आता सगळ्यांना माहीत झाली आहे, म्हणून भरभर सांगतो. प्रोसेसर ६४-बिट, पण त्याचं यूईएफआय (टॅब चालू होताच सर्वात आधी चालणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२-बिट. पेनड्राइव्हवर फक्त ६४-बिट बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर टॅब त्या पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही, एररसुद्धा देत नाही. पेनड्राइव्ह उघडून ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात 'बूटआयए३२.ईएफआय' हा ३२-बिट बूटलोडर आहे का ते बघा. असेल तर पुढे जा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६४-बिटच वापरायचा. ३२-बिट यूईएफआयवर ६४-बिट कर्नल चालवायची सोय लिनक्समध्ये २०१४ पासून, म्हणजे ३.१५ पासून आहे. मशीन नक्की कुठल्या प्रकारचं हे लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) लिनक्समधून बघायचं असेल तर सिस, फर्मवेअर, ईएफआय या फोल्डरातली 'एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज' वाचा. त्यात नुसतं ३२ किंवा ६४ लिहिलेलं असतं.

भोक एकच असल्यामुळे ओटीजी केबल (टॅबला यूएसबी वस्तू जोडायची), तिला हब, हबला कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्ह. ओटीजी लागलेली असताना अशा टॅबवर बहुधा चार्जिंग होत नाही. वर हबवरचं सगळं बॅटरीतूनच पितं. म्हणून १०० टक्के चार्ज करूनच बसा आणि डेस्कटॉप पहिल्याच फेरीत ओढत बसू नका; आधी मूळ सिस्टम, मग चार्ज, मग बाकीचं.

यूईएफआयमध्ये जायला एस्केप किंवा डिलीट, बूट मेन्यूला माझ्याकडे एफ७. कळ लागत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, तिथून यूईएफआय सेटिंग्जची वाट आहे. तिथे सिक्युअर बूट बंद करा. इन्स्टॉलर आडवा झोपलेला दिसेल, कारण पडदा मुळात उभा, ८०० बाय १२८० चा आहे आणि कंपनीने तो आडवा बसवलाय. बूट मेन्यूत ई दाबून कर्नलच्या ओळीला 'एफबीकॉन=रोटेट:१' जोडलं की निदान मान सरळ राहते. (इथे सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक.)

इन्स्टॉल झाल्यावर टॅब पुन्हा यूईएफआयमध्येच येऊन थांबला, तर घाबरू नका. या यूईएफआयला नवी बूट एंट्री लक्षात राहत नाही. ग्रब (डेबियनचा बूटलोडर) 'रिमूव्हेबल' मार्गावर टाकावा लागतो, म्हणजे तो पुन्हा त्या 'बूटआयए३२' नावानेच बसतो आणि टॅबला सापडतो. एक्स्पर्ट इन्स्टॉलमध्ये डेबियन हे स्वतः विचारतं. हो म्हणा.

इथपर्यंत दीड तास. आता बोट.

डेस्कटॉप आला, वायफाय लागलं, माउस फिरतोय, पण काचेवर बोट टेकवलं तर ढिम्म. कर्नलचा लॉग काढला तर एक ओळ: 'सिलीड/एमएसएसएल१६८०.एफडब्ल्यू' लोड झाली नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइलच नाही. ड्रायव्हर आहे, चिप ओळखली आहे, फक्त फाइल नाही. एवढंच? शोधून टाकू, असं वाटलं. इथेच फसलो.

या टॅबमधली टचची चिप सिलीड कंपनीची जीएसएल१६८०. तिच्या पोटात कायमस्वरूपी मेमरी नाही. दर वेळी टॅब चालू झाला की ड्रायव्हरने बाहेरून फर्मवेअर तिच्या रॅममध्ये ओतायचं, तेव्हा ती जागी होते. आणि या फर्मवेअरमध्ये नुसता प्रोग्रॅम नसतो. त्या विशिष्ट काचेमागच्या तारा कुठे कशा जोडल्यात, त्या किती संवेदनशील ठेवायच्या, हेही त्यातच असतं. वायफायच्या चिपचं फर्मवेअर कुठूनही आणा, चालतं. टचचं त्याच काचेचं लागतं. कंपनीने मधेच काच दुसऱ्याकडून घेतली तर मॉडेल नंबर तोच राहतो आणि फर्मवेअर बदलतं. पाठीवरचं नाव बघून फाइल शोधणं म्हणजे आडनावावरून चपलेचा नंबर काढणं.

त्यामुळे ही फाइल डेबियनच्या पॅकेजात नाही. ती विंडोजच्या ड्रायव्हरच्या आत असते, आणि विंडोज मी रिकव्हरी पार्टिशनसकट पुसलेलं. टॅब बनवणाऱ्याच्या साइटवर 'सर्व ड्रायव्हर्स' नावाची झिप होती. ती उतरवली तर आत टचचा ड्रायव्हर भलत्याच चिपचा, गुडिक्सचा. मेलला उत्तर आलं की जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या. जवळचं सर्व्हिस सेंटर नाहीच, हे त्यांच्याच यादीत लिहिलेलं आहे.

मग 'जीएसएल-फर्मवेअर' हा सार्वजनिक संग्रह. वेगवेगळ्या टॅबमधून लोकांनी काढलेल्या फाइली तिथे मॉडेलनुसार ठेवल्यात, आणि फर्मवेअर काढायची, बदलायची छोटी साधनंही आहेत. माझ्या मॉडेलच्या नावाची फाइल होती. टाकली. टच जिवंत झाला आणि दोन मिनिटांत डाव्या कडेला आपोआप टिचक्या पडायला लागल्या, बोट न लावता. खिडक्या उघडतायत, बंद होतायत. काच दुसरी, हे त्याचं लक्षण. तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या एका टॅबची फाइल टाकली, तर पडद्याच्या मधला अंगठ्याएवढा पट्टा मेलेला, बाकी ठीक. हेही त्याचंच लक्षण. अशा वेळी संवेदनशीलतेच्या सेटिंगशी खेळत बसू नका, काही होत नाही. फाइल चूक आहे, संपलं.

फाइली बदलून पाहताना रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करून चालू करा. चुकीच्या फर्मवेअरनंतर माझी चिप अधूनमधून आपला आयडी शून्य सांगायची आणि मग बरोबर फाइलही चूक वाटायची. एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

शेवटी फाइल मिळाली ती काकांच्या टॅबमधून. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले दोन, त्यांच्याकडे अजून विंडोज. फोनवरून त्यांच्याकडून 'सिलीडटच.सिस' शोधून घेतली. मेलने पाठवायला गेलो तर अडली, मेल सेवा .सिस फाइली जाऊ देत नाहीत, झिपमध्ये घातली तरी. नाव बदलून शेवटी .टीएक्सटी केलं, तेव्हा आली.

या .सिस फाइलच्या पोटातून फर्मवेअर बाहेर काढायला त्याच संग्रहात 'स्कॅनविनड्रव्ह' नावाचं साधन आहे. ते फाइल चाळून आत जेवढी फर्मवेअर सापडतील तेवढी वेगळी काढून देतं. एकापेक्षा जास्त निघाली तर एकेक लावून बघायची. मग 'एफडब्ल्यूटूल'ने ती हेडर (फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) नसलेल्या रूपात करायची, कारण कर्नलच्या ड्रायव्हरला तीच लागते. बरोबर झाली का हे बघायची सोपी खूण: ड्रायव्हर फाइल आठ-आठ बाइटांच्या नोंदींत वाचतो, चार बाइट पत्ता आणि चार बाइट किंमत. म्हणजे फाइलच्या आकाराला ८ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. आकार साधारण ३५ ते ४० हजार बाइट. हेक्समध्ये उघडली तर सुरुवात एफ०, मग तीन शून्य बाइट. एफ० हा चिपचा पान उलटायचा रजिस्टर, म्हणून पहिली नोंद त्याचीच. सुरुवातीला भलतंच काही दिसलं तर हेडर अजून चिकटलेलं आहे.

फाइल 'लिब/फर्मवेअर/सिलीड' या फोल्डरात त्या 'एमएसएसएल१६८०.एफडब्ल्यू' नावानेच ठेवा, इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लोड होणारा फाइलींचा गठ्ठा) नव्याने बनवा, टॅब पूर्ण बंद करून चालू करा.

बरोबर फाइल बसली, तरीही बोट चुकीच्या जागी. बोट उजव्या कडेला टेकवलं तर टिचकी पडद्याच्या साधारण ४१ टक्क्यांवर. याचं कारण गणिती आहे. तुमचा टॅब कर्नलच्या यादीत नसेल तर ड्रायव्हर काचेची कमाल मर्यादा ४०९५ धरून चालतो. माझी काच १६६८ च्या पुढे आकडा देतच नाही. १६६८ भागिले ४०९५, आले साधारण ४१ टक्के.

याचा इलाज पूर्वी कर्नलमध्ये आपल्या टॅबची नोंद घालून तो पुन्हा कंपाइल करणं हा होता. डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमध्ये तसंच आहे. १३ च्या ६.१२ मध्ये मात्र 'आय२सी_टचस्क्रीन_प्रॉप्स' हा बूट पॅरामीटर (कर्नलच्या ओळीला जोडायची सूचना) आहे, आणि सगळे आकडे तिथेच देता येतात. १३ घ्यायचं कारण हे.

आकडे असे काढा. 'इव्हटेस्ट' (स्पर्शाचे कच्चे आकडे दाखवणारं साधन) चालवा, यादीतून सिलीड निवडा, चारही कडांवर बोट घासून एक्स आणि वायचे सर्वात लहान, सर्वात मोठे आकडे कागदावर घ्या. साइज म्हणजे सर्वात मोठा आकडा अधिक १. माझ्याकडे एक्स १२ ते १६६८, म्हणून मिन-एक्स १२, साइज-एक्स १६६९. मोजताना टॅब पडद्याच्या मूळ दिशेने, म्हणजे उभा धरा, आणि पॅरामीटर अजून दिलेला नसू द्या. दिला असेल तर उलटलेले आकडे मोजून ते पुन्हा उलटवत बसाल.

उभ्या पडद्यावर लांब बाजू खरं तर वाय, पण काच ती एक्स म्हणून सांगते, म्हणून 'स्वॅप्ड-एक्स-वाय' लागतं. इथे एक खोच आहे. ड्रायव्हर आधी उलटवतो आणि अदलाबदल मागून करतो. बोट खाली नेलं आणि टिचकी वर गेली, म्हणजे पडद्याचा वाय उलटा. म्हणून मी 'इन्व्हर्टेड-वाय' दिलं आणि आता डावं-उजवं बिघडलं. उलटवायचा असतो तो काचेचा आकडा, पडद्याचा नाही. मला हवं होतं 'इन्व्हर्टेड-एक्स'. ओळ अशी झाली: आधी 'एमएसएसएल१६८०', मग कोलन देऊन एकेक गुणधर्म, प्रत्येकाच्या नावाआधी 'टचस्क्रीन' आणि डॅश, मध्ये कुठेही स्पेस नाही. ती ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत कर्नलच्या ओळीत घालून ग्रब अपडेट करा.

आणखी एक, हे मला उशिरा कळलं: काही टॅबमध्ये फर्मवेअरची प्रत यूईएफआयमध्येच असते. यूईएफआयच्या सेटिंग्जच्या पडद्यावर बोटाने निवड होत असेल तर ती शक्यता आहे. त्यातल्या काही मॉडेलांसाठी ५.८ पासूनचा कर्नल ती प्रत आपणहून उचलतो. माझा त्या यादीत नव्हता.

बाकीचं किरकोळ. वायफाय आरटीएल८७२३बीएस, त्याचा ड्रायव्हर ४.१२ पासून कर्नलमध्ये आहे. 'फर्मवेअर-रिअलटेक' पॅकेज पुरेसं. आवाज नसेल तर 'फर्मवेअर-इंटेल-साउंड'. पडदा कायमचा आडवा करायला 'व्हिडिओ=डीएसआय-१:पॅनल_ओरिएंटेशन=राइट_साइड_अप', आणि टॅब फिरवल्यावर पडदा उलट्या दिशेने फिरत असेल तर एचडब्ल्यूडीबीत (हार्डवेअरच्या नोंदींच्या यादीत) सेन्सरचं माउंट मॅट्रिक्स, म्हणजे तो कसा बसवलाय ते सांगणारे आकडे, बदलायचं. २ जीबीवर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू केल्याशिवाय ब्राउझर उघडू नका. 'मॅक्स_सीस्टेट=१' (प्रोसेसरला खोल झोपेत जाऊ न देणारी सूचना) घाला हा सल्ला जुन्या कर्नलच्या फ्रीझसाठी होता. आधी त्याशिवाय वापरून बघा, कारण तो घातला की बॅटरी भराभर उतरते. कॅमेरा माझ्याकडे चाललेला नाही, दोन्ही.

काकांचा टॅब मागच्या रविवारी केला. सव्वा तास लागला, चहा धरून.