जुलैतलं चिपळूण, आईसोबत

आईला सवतसडा धबधबा भर पावसात बघायचा होता. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून मेमध्येच मांडवी एक्सप्रेसची तिकिटं काढून ठेवली. जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. सह्याद्री त्याच बाजूला आहे. रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू झाली आणि आई बोलायचीच थांबली. काळ्या कड्यांवरून पांढऱ्या धारा नुसत्या सुटलेल्या, मधेच बोगदा, बाहेर पडलं की पुन्हा धारा. पावसाळी वेळापत्रकात गाडी सावकाश चालते, ते आमच्या पथ्यावरच पडलं.

स्टेशन वालोप्याला, गावापासून जरा लांब. रिक्षावाल्या दादांना सवतसडा सांगितला तर त्यांनी आधी डोंगराकडे पाहिलं. "नेतो, पण आईंना खाली उतरवू नका. वर पाऊस झाला की लोंढा कधी येईल सांगता येत नाही." मुंबई-गोवा महामार्गालगतच धबधबा आहे, त्यामुळे लांबूनही पोटभर दिसतो. तुषार रस्त्यापर्यंत येत होते. आई छत्री मिटून उभी राहिली. मी ओरडले नाही.

तिथून परशुराम. देवदर्शन झाल्यावर घाटातल्या विसावा पॉइंटवर थांबलो. खाली वाशिष्ठी वळणं घेत गोवळकोटच्या किल्ल्याला वळसा घालते, दाभोळच्या खाडीकडे जाते. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी डोंगराच्या पोटातून कोळकेवाडीला येतं आणि पुढे याच नदीला मिळतं, हे दादांकडून कळलं. घाटापलीकडचं पाणी इथे!

उतरलो होतो बाजारपेठेजवळच्या एका घरगुती लॉजवर. काकूंनी कुळथाचं पिठलं, भात आणि फणसाची भाजी वाढली. हात धुताना भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक रेघ दिसली. "22 जुलै 2021," काकू म्हणाल्या. "2005 ची त्याच्याखाली होती, रंगकामात गेली." भरतीच्या वेळेला डोंगरात मुसळधार झाला की नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, गावात शिरतं. त्या दिवशी त्यांनी वरच्या मजल्यावर आख्खी रात्र काढली होती. मला त्या जेवणाची चव आठवते आणि ती रेघही, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी पाऊस वाढला. काकांनी मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली, स्कूटर चढावरच्या गल्लीत नेऊन लावली, तांदळाचं पोतं माळ्यावर चढवलं. घाई नाही, आरडाओरडा नाही. आईने न विचारताच डाळीचे डबे उचलून त्यांच्या हातात दिले. रात्रभर आम्ही दोघी कौलांवरचा पाऊस ऐकत पडून होतो.

पहाटे तो थांबला. खाली आले तेव्हा स्कूटर दारात परत आली होती आणि काकू चुलीवर घावण घालत होत्या.