‘परीक्षेचे नाव’ या रकान्यात मी काय लिहायचं?

वाचनालयाच्या अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून भरलेल्या अर्जात सातवा रकाना होता: परीक्षेचे नाव. पुढे पर्याय छापलेले होते, एमपीएससी, यूपीएससी, बँक, तलाठी, पोलीस भरती, इतर. मी ‘इतर’भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, कादंबरी लेखन. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि कागद परत सरकवला. “मॅडम, कादंबरी ही परीक्षा नाही.”

ही 20 जूनची गोष्ट. मला बसायला खुर्ची मिळाली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मधले पंधरा आठवडे आठवले की अजून जीव जळतो, म्हणून हे लिहून काढते आहे. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते. आमचं सत्र दुपारचं, बारा ते साडेपाच. घरात पाणी पावणेसहाला येतं आणि पावणेसातला जातं. तेवढ्यात भरणं, धुणं, दोन डबे. आठला नवरा आणि मुलगा बाहेर पडतात. मग आठ ते अकरा हे तीन तास माझे. गेल्या जानेवारीपासून हेच तीन तास मी कादंबरीला दिले. कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या एका बाईची गोष्ट आहे. धरणाच्या पाण्यातून ती वाचते, नव्या जागी चूल मांडते, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी भूकंपात ती चूलही हलते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट विचारा, कुणी कुठे झोपलं होतं तेही सांगतील.

रोज दोन पानं, रविवारी सुट्टी. आखीव फुलस्केप वही, एका बाजूला लिहायचं, समोरची बाजू दुरुस्तीला कोरी. आठवड्याला 12 पानं, म्हणजे 320 पानांचा पहिला खर्डा 27 आठवड्यांत व्हायला हवा होता. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. पानं मोजण्याची कल्पना माझी नाही. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा आणि कामावर जाण्याआधी पहाटे साडेपाचपासून तीन तास लिहायचा. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द. हे वाचलं तेव्हा नोकरी आणि कादंबरी एकत्र चालते यावर माझा विश्वास बसला. पण त्याच वेळी हेही वाचलं, की त्याला कॉफी घेऊन उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. माझ्याकडे असं उठवणारं कुणी नाही, आणि पहाटेचा वेळ नळाचा. त्यामुळे दुसऱ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. आपल्या घरात कोण किती वाजता काय मागतं ते आठवडाभर लिहून ठेवा. जिथे कुणी काहीच मागत नाही, तो तुमचा वेळ.

मे महिन्यात शेजारचा वाडा पाडून इमारत उभी राहायला लागली. आठाच्या ठोक्याला फरशी कापायचं यंत्र सुरू व्हायचं. कापूस घालून बघितला, आतल्या खोलीत बसून बघितलं. पाच आठवड्यांत 31 पानं लिहिली आणि त्यातली 22 फाडली. वाक्यं तुटक यायला लागली होती, त्या यंत्रासारखी.

तेव्हा अभ्यासिकेचा विचार केला. गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. नाव लिहीत नाही. सकाळी सात ते रात्री दहा उघडी, 40 खुर्च्या, प्रत्येकीला लाकडी आडोसा, वर पंखा. महिना 300 रुपये, अनामत 500. फोटो, आधारची प्रत, सगळं पहिल्याच फेरीत झालं. अडलं ते सातव्या रकान्यात.

पहिल्या दिवशी मी वाद घातला नाही. काय आणू ते सांगा, एवढंच म्हटलं. ते म्हणाले, “प्रकाशकाचं पत्र आणा, की तुम्ही खरंच कादंबरी लिहिताय.” मी एका प्रकाशकांना फोन केला, त्यांनी पूर्वी माझा कथासंग्रह काढला होता. ते अगदी आपुलकीने बोलले, पण म्हणाले, “बाई, पूर्ण हस्तलिखित हातात आल्याशिवाय मी लेटरहेडवर काय लिहून देऊ?” त्यांचंही बरोबर होतं. म्हणजे पत्र मिळायला कादंबरी पूर्ण हवी, आणि कादंबरी पूर्ण व्हायला ज्या खुर्चीची गरज ती पत्राशिवाय मिळणार नाही. हे मी टेबलामागच्या गृहस्थांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “मग कार्यवाहांना भेटा.”

कार्यवाह दर गुरुवारी पाच ते सहा यायचे. मी साडेपाचपर्यंत वर्गावर. दोन गुरुवार धावत गेले, पोचेपर्यंत सहा वाजायला पाच मिनिटं आणि खोलीला कुलूप. तिसऱ्या गुरुवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एका सहीसाठी रजा! कार्यवाहांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले की वैयक्तिक पातळीवर त्यांची काहीच हरकत नाही, पण विषय कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल. आज लेखकाला जागा दिली, उद्या कुणी घरचे हिशेब लिहायला येईल.

हे वाक्य मला लागलं. उत्तर द्यायचं सुचलं नाही ते सुचलं नाहीच. घरी येऊन रात्री अकराला सुचलं, आणि तेव्हा ते कुणाला सांगणार?

कार्यकारिणीची सभा महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी. जुलैत गणपूर्ती झाली नाही. ऑगस्टमध्ये सभा झाली, पण वार्षिक सभेचा अहवाल आणि गळक्या छपराचा विषय चालला, माझा अर्ज ‘वेळेअभावी’ राहिला. सप्टेंबरची सभा गणपतीनंतर ठेवली. दर वेळी मी सोमवारी जाऊन विचारायची आणि टेबलामागून एकच उत्तर यायचं, “अजून काही कळवलं नाही.” वाईट बोललं नाही कुणी. आवाजही कुणी चढवला नाही. तरी तिथून बाहेर पडताना वाटायचं, की माझं काम या गावात कामाच्या यादीतच नाही.

या काळात लोक एक गोष्ट हमखास सांगायचे. अण्णा भाऊ साठ्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये, झोपडीत बसून लिहिलं, तुम्हाला पंख्याची खोली कशाला? अण्णा भाऊ आमच्याच बाजूचे, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे तो सांगायला शब्द अपुरे आहेत. म्हणूनच हा युक्तिवाद मला सहन होत नाही. त्यांना तसं लिहावं लागलं ही त्यांची ताकद आहे आणि आपल्या सगळ्यांवरचा बट्टा आहे. पुढच्या माणसाला खुर्ची नाकारायला त्यांचं नाव वापरू नये.

वाट मोकळी झाली ती अभ्यासिका झाडणाऱ्या मावशींमुळे. ऑगस्टच्या शेवटी मी पायरीवर छत्री मिटत उभी होते. त्या म्हणाल्या, “बाई, कशाला हेलपाटं घालताय? सकाळचं हितं निम्मं रिकामंच असतंय. पोरं येत्यात ती दहाच्या पुढं.”

दुसऱ्या दिवसापासून मी मोजायला लागले. सोमवार ते शनिवार, रोज सकाळी साडेआठला दारातून आत बघायचं आणि रिकाम्या खुर्च्यांचा आकडा वहीत टिपायचा. 40 पैकी 23, 21, 26, 22, 24, 19. मग वाचनालयाची छापील नियमावली मागितली. ती द्यायला चार दिवस लावले, पण दिली. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं, की अभ्यासिका ‘विद्यार्थी, वाचक व अभ्यासक’ यांच्यासाठी आहे. परीक्षेचा शब्दच नाही! अर्जातला सातवा रकाना कुणीतरी पुढे कधीतरी सोयीसाठी घातलेला, आणि त्या रकान्याचा नियम होऊन बसलेला.

मग मी नवा अर्ज लिहिला, एक पानी. रागाचा एक शब्द नाही. नियमावलीतलं ते वाक्य, सहा दिवसांचे आकडे, मला हवी असलेली वेळ सकाळी आठ ते अकरा, आणि अभ्यासाचा विषय: कोयना धरणग्रस्त आणि 1967 चा भूकंप. शेवटी एक विनंती, की नकार द्यायचा असेल तर कोणत्या नियमाखाली ते लेखी कळवावं. हे वाचनालय 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता घेऊन सरकारी अनुदान घेतं, तेही एका ओळीत लिहिलं. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. जूनच्या अर्जाची मी पोच घेतली नव्हती, आणि सप्टेंबरमध्ये तो अर्ज सापडत नव्हता. तेव्हा पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. खरं तर हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी सभा झाली. सोमवारी पत्र हातात. खुर्ची क्रमांक 17, खिडकीजवळची. घरी आल्यावर सासऱ्यांना, अण्णांना, पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून देवघरात ठेवलं. मला रडू आलं.

हिशेबाने त्या पंधरा आठवड्यांत 180 पानं व्हायला हवी होती. भूकंपाचं प्रकरण जूनमध्ये अर्ध्यावर थांबलं होतं. ती बाई सगळा पावसाळा अंधारात, अंगणात, लेकराला छातीशी धरून उभीच राहिली. 17 नंबरच्या खुर्चीत पहिल्या दिवशी मी तिला खाली बसवलं. अर्धंच पान झालं, पण ते अजून तसंच्या तसं ठेवलं आहे.

आता संध्याकाळबद्दल. याविषयी मला फार विचारतात आणि माझं मत ठाम आहे. संध्याकाळी लिहायचं नाही. फेब्रुवारीत एकदा ओघ आला म्हणून मी आठवडाभर रात्री बारापर्यंत लिहिलं. पानं भराभर झाली, सकाळी मात्र पेन हलेना. आधी रात्रीची पानं दुरुस्त करायची, मग नवी सुचायची, आणि तोवर अकरा. त्या आठवड्यातली निम्मी पानं पुढे काढून टाकावीच लागली. तेव्हापासून शाळा सुटली की घरी चहा आणि सव्वासहाला शेजारणीबरोबर अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेला. ‘चार भिंती’ नावाच्या जागेपर्यंत चढायचं, दहा मिनिटं बसायचं, खाली गावात दिवे लागताना बघायचं आणि उतरायचं. तिच्याशी कादंबरीबद्दल एक अक्षर बोलत नाही. बोललं की संपतं. सांगून टाकलेलं प्रकरण सकाळी लिहावंसं वाटत नाही, हा माझा दोनदा घेतलेला अनुभव आहे.

साताऱ्याचा पाऊस सुरू झाला की चढणं बंद. तेव्हा मी वाकळ शिवते, आईच्या जुन्या लुगड्यांची. धावदोरा घालताना हात गुंतलेला असतो आणि डोकं मोकळं. त्या पंधरा आठवड्यांत एक वाकळ पूर्ण झाली, हीच काय ती जमेची बाजू. जेवणं झाली की अण्णांबरोबर कॅरमचे दोन बोर्ड. राणी घेतल्याशिवाय ते उठत नाहीत. साडेनऊला पुस्तक घेऊन अंथरुणात, फोन स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, सव्वादहाला दिवा बंद.

एक राहिलं. अकरा वाजता उठताना शेवटचं वाक्य पूर्ण करू नका. पुढचं दिसत असतानाच अर्ध्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही, कालचं वाक्य पुरं करायला बसता आणि हात आपोआप चालू होतो. अभ्यासिकेत पोरं दहानंतर भरायला लागतात. तलाठी भरतीची तयारी करणारी एक मुलगी 18 नंबरला बसते. पहिल्या आठवड्यात तिने हळूच विचारलं, “मॅडम, तुमचा पेपर कधी आहे?” मी तिला खरं काय ते सांगितलं. आता मी उठले की ती माझी वही किती भरली ते डोळ्यांनी मोजते आणि मला बोटांनी आकडा दाखवते. काल तिने दोन बोटं दाखवली. बरोबर होतं.

ओळखपत्रावर मात्र ‘परीक्षा’ या शब्दापुढे त्यांनी आडवी रेघ मारली आहे. मार्चअखेर नूतनीकरण आहे. अर्ज कालच आणला, सातवा रकाना त्यात अजून आहे. पेनाने, ठळक अक्षरांत, तो मी भरून ठेवला आहे: कादंबरी लेखन. या वेळी झेरॉक्ससुद्धा दोन काढल्या आहेत.