तुम्ही विचारलंत म्हणून: नेता बोलून गेला, आता काय करायचं?

माझं काम कोर्टातलं. त्यामुळे इंदूरच्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: गावाकडच्या सभेत अमुक नेता बायकांबद्दल, दुसऱ्या समाजाबद्दल वाट्टेल ते बोलतो, दोन दिवस टीव्हीवर गाजतं आणि मग सगळं थंड होतं. अशांचं कधी काही होतच नाही का?

होऊ शकतं. पण प्रकरण उभं राहणार की आडवं होणार, हे पहिल्या आठवड्यात कागदावर काय उतरलं यावर ठरतं. संताप सगळ्यांना येतो, कागद मात्र फार थोडे जण नीट करतात.

आधी एक नावडती गोष्ट. घाणेरडं बोलणं आणि गुन्हा यांत अंतर आहे. 'मुलींनी जीन्स घालू नये', 'मुलींच्या हातात मोबाइल देऊ नका', 'लग्नं लवकर लावा' ही मतं मला संतापजनक वाटतात, पण एवढ्यावर कलम लागत नाही. त्यांना उत्तर सभेत, वर्तमानपत्रात आणि मतपेटीत द्यावं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुन्या दंड संहितेतलं १५३अ) लागायला धर्म, जात, भाषा अशा आधारावर समाजासमाजांत वैर पेटवणारं बोलणं लागतं आणि त्यामागचा हेतूही दिसावा लागतो. मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे आणि मजकूर सलग वाचायचा, सुटी वाक्यं वेचायची नाहीत. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसचे खासदार आणि कवी इम्रान प्रतापगढींवरचा जामनगरचा गुन्हा रद्द करताना कोर्टाने आणखी एक कसोटी ठेवली. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून तोलायचा, पावलोपावली दुखावणाऱ्याच्या नाही. ही ढाल आपल्यालाही लागते, म्हणून तिच्यावर चिडू नका. एखाद्या स्त्रीच्या शीलाचा अपमान करण्यासाठी शब्द वापरले असतील तर कलम ७९ आहे. आणि बोलणं विधानसभेच्या सभागृहातलं असेल तर संविधानाच्या १९४ व्या अनुच्छेदामुळे कोर्टात खटलाच चालत नाही. तिथे काय ते अध्यक्षांनी करायचं.

आता आपल्या दाराशी घडलेलं प्रकरण घ्या. १२ मे २०२५ रोजी महूजवळच्या रायकुंडा गावात मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह भाषणात, ऑपरेशन सिंदूरची माहिती पत्रकारांना देणाऱ्या लष्करी अधिकारी कर्नल सोफिया कुरेशींकडे रोख ठेवून, त्यांना दहशतवाद्यांच्या समाजाची बहीण ठरवणारं बोलले. १४ मे रोजी जबलपूरला हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच दिवशी गुन्हा नोंदवायला सांगितलं. रात्री मानपूर थान्यात एफआयआर झाली. कलमं १५२ (देशाची एकता-अखंडता धोक्यात आणणं), १९६ आणि १९७ (राष्ट्रीय एकात्मतेला बाधक आरोप). बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, झालं काम. पण दुसऱ्या दिवशी कोर्टाने ती एफआयआर वाचली, तर आरोपीने नेमकं काय केलं, कोणत्या शब्दांमुळे कोणतं कलम लागतं, याचा त्यात पत्ताच नव्हता. अशी एफआयआर पुढे आव्हान दिल्यावर सहज रद्द होते. म्हणून कोर्टाने आदेश दिला की १४ मेचा आमचा संपूर्ण आदेश एफआयआरच्या १२ व्या रकान्याचा (घटनेचा तपशील लिहायची जागा) भाग म्हणून वाचावा. १९ मे रोजी सुप्रीम कोर्टाने मंत्र्यांची माफी मान्य केली नाही, अटकेला स्थगिती दिली आणि तपासासाठी तीन आयपीएस अधिकाऱ्यांचं पथक नेमायला सांगितलं, त्यात एक महिला अधिकारी असावी अशी अटही घातली.

तो १२ वा रकाना लक्षात ठेवा. आपल्या तक्रारी तिथेच मरतात. 'नेत्याने आक्षेपार्ह विधान करून भावना दुखावल्या' एवढं लिहिलेली तक्रार म्हणजे आरोपीच्या वकिलाला दिलेली भेट. शब्द जसेच्या तसे हवेत. भाषण हिंदीत असेल तर हिंदीत, माळवीत किंवा निमाडीत असेल तर त्या बोलीत. आपण मराठी माणसं सवयीने मराठीत लिहून काढतो, ते नको. प्रत्येक वाक्यापुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट-सेकंद लिहा. वादग्रस्त वाक्याच्या आधीची आणि नंतरची दोन-तीन मिनिटं उतरवून काढा, कारण 'माझं वाक्य तोडून दाखवलं' हा बचाव ठरलेला आहे. सभेत टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या, तर तेही लिहा. बोलणारा कोण, कुठे आणि कुणापुढे बोलला, याला कोर्ट वजन देतं.

रेकॉर्डिंगचं बघा. ज्या फोनवर शूट झालं तो फोन आणि त्यातली मूळ फाइल हलवू नका, कापू नका, त्यावर अक्षरं टाकू नका. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: पहिला फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहायची असते. अक्षरं-आकड्यांचा हा ठसा फाइलमधला एक सेकंद कापला तरी बदलतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. चॅनेलची क्लिपच हाती असेल तर लिंक, तारीख आणि वेळ लिहा, आणि चॅनेलकडून मूळ फुटेज मागवावं अशी विनंती तक्रारीतच पोलिसांना करा.

मग थाना. इंदूर शहर पोलीस आयुक्तांकडे आहे आणि महू-मानपूरकडचा ग्रामीण भाग वेगळ्या एसपींकडे. भाषण गावात झालं असलं तरी शहरातल्या पलासिया थान्यातले टीआय (थानाप्रमुख) 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे शून्यावर गुन्हा नोंदवून तो संबंधित थान्याला पाठवायचा असतो. आवेदन दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ऑनलाइन पाठवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पोलीस म्हणतील, आधी चौकशी करू. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीएसपींच्या परवानगीने तशी चौकशी करता येते, पण १४ दिवसांतच. पंधराव्या दिवशी लेखी विचारा.

१८१ वर सीएम हेल्पलाइनला फोन केला, मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत अर्ज दिला, म्हणजे तक्रार झाली असं पुष्कळांना वाटतं. त्याने एफआयआर होत नाही. महिला आयोगही बोलावू शकतो, शिफारस करू शकतो. शिक्षा देऊ शकत नाही.

थान्याने नाकारलं तर तीच तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने एसपींना, शहरात असाल तर आयुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे, त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली. पोस्टाची पावती आणि शपथपत्र यांतलं एक राहिलं की अर्ज तिथेच अडकतो. अर्जात सुप्रीम कोर्टाचा २८ एप्रिल २०२३ चा आदेश जरूर जोडा: द्वेषपूर्ण भाषणावर सर्व राज्यांच्या पोलिसांनी कुणी तक्रार करण्याची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवावा, नाहीतर तो कोर्टाचा अवमान धरला जाईल.

निवडणुकीच्या काळात रस्ता थोडा सोपा आहे. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर जागेवरून व्हिडिओ टाकला की १०० मिनिटांत कारवाईचं बंधन असतं. मात्र अॅपमधूनच शूट करावं लागतं, गॅलरीतली जुनी क्लिप ते घेत नाही. उमेदवाराने धर्माच्या नावावर मतं मागितली तर निवडणूक याचिका हायकोर्टात, निकालापासून ४५ दिवसांत. शेचाळिसाव्या दिवशी कितीही भक्कम पुरावा आणला तरी उपयोग नाही.

सगळ्यात मोठी धोंड शेवटी आहे, आणि 'काही होतच नाही' ही तुमची तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. कलम १९६ च्या गुन्ह्याची कोर्टाला दखल घ्यायची तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी लागते. एफआयआरला आणि तपासाला ती लागत नाही. आरोपपत्र तयार होतं आणि फाइल गृहविभागात जाऊन बसते. मंत्र्यावरच्या खटल्याची परवानगी त्याच्याच सरकारने द्यायची, ही रचना मला चुकीची वाटते, पण आज कायदा असा आहे. कलम १९७ ला मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्याचीही मंजुरी चालते. म्हणून शब्दांत तसा आधार असेल तर तक्रारीत ते कलमही मांडा.

एवढी खटपट का करायची, तर १५३अ (आताचं १९६) खाली दोषी ठरलेला लोकप्रतिनिधी नुसता दंड झाला तरी सहा वर्षांसाठी अपात्र ठरतो. तुरुंगवास झाला तर सुटल्यानंतरही सहा वर्षं. नेत्याला माफी मागणं सोपं जातं, खुर्ची सोडणं नाही. आणि हा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही, म्हणून 'त्यांनी खेद व्यक्त केला' या बातमीने तुमची तक्रार संपत नाही.

तेव्हा आरोपपत्राची वेळ झाली की गृहविभागाला दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तपासातली कागदपत्रं मागू नका, ती नाकारतात. तीनच गोष्टी विचारा: मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, आज कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे, आणि निर्णय झाला असेल तर त्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.