अभ्यंगाच्या आधी आणि नंतर

थंडी पडू लागली की मान आणि खांदे आखडण्याची माझी जुनी तक्रार पुन्हा सुरू होते आणि मी पुण्यातल्या एका पंचकर्म केंद्रात अभ्यंगासाठी वेळ घेते. तिथे येणाऱ्या अनेकांची समजूत अशी असते की आपण फक्त आडवे व्हायचे, बाकीचे सारे मालिश करणाऱ्या ताई पाहतील. मला मात्र अनुभवाने असे वाटू लागले आहे की तेलाचा गुण येणे न येणे हे बऱ्याच अंशी आपण त्याआधी काय खाल्ले, काय सांगितले आणि त्यानंतरची संध्याकाळ कशी घालवली यावर ठरते.

खाण्यापासून सुरुवात करायची तर जेवण आणि मालिश यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. पोट भरलेले असताना पालथे झोपणेच नकोसे होते. अजीर्ण झालेल्याने आणि कफाने ग्रासलेल्याने अभ्यंग करू नये, असे वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे आदल्या रात्रीचे लग्नाचे जेवण अंगावर आले असेल किंवा सर्दीने नाक चोंदले असेल, तर सरळ फोन करून वेळ पुढे ढकलावी. ताप असतानाही तेच करावे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते बोलणे. रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या यांची माहिती कोणी विचारण्याची वाट न पाहता द्यावी, कारण अशा गोळ्या चालू असताना जोराच्या दाबाने अंगावर काळेनिळे डाग पडू शकतात. एकाच पोटरीला सूज आली असेल, ती दुखत असेल आणि हाताला गरम लागत असेल, तर ती अजिबात चोळून घेऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असल्यास ती सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. तिथे तेलाचे काम नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तिळाचे तेल सगळ्यांनाच मानवते असेही नाही. नवे तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून पाहावेत आणि तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी खोबरेल मागून घ्यावे. दागिने घरी ठेवावेत, जुने सैल कपडे घालावेत आणि लघवीला जाऊन यावे. दाब जास्त होत असेल तर तिथल्या तिथे सांगावे. दात आवळून सोसण्यात काहीच शहाणपण नाही.

मालिश आणि वाफ झाल्यावर झटकन उठू नये, कारण रक्तदाब उतरलेला असतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर वळावे, मग बसावे, थोड्या वेळाने पाय खाली सोडावेत. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका बाथरूमच्या फरशीचा असतो, म्हणून न्हाणीत जाण्याआधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात. अंगावरचे तेल साबणाने खरवडून काढण्यापेक्षा मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ आधी कोरडेच चोळावे; ते तेल शोषून घेते, त्याच्या बारीक वळ्या गळून पडतात आणि मग कोमट पाणी पुरते. डोक्यावर मात्र कढत पाणी घेऊ नये.

पाणी भरपूर प्यावे, पण ते वाफेने घाम गेलेला असतो म्हणून. मालिशने शरीरातली विषद्रव्ये सुटतात आणि ती पाण्याने धुऊन निघतात, हे सर्रास सांगितले जाते. मला त्याला काही आधार दिसत नाही. त्या संध्याकाळी मऊ भात किंवा मुगाची खिचडी खावी आणि व्यायाम, मद्य व गार वारा टाळावा. गुंगी उतरेपर्यंत दुचाकीला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकले तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु हातापायाला मुंग्या येत राहिल्या किंवा दुखणे वाढत गेले तर डॉक्टरांना दाखवावे.

घरी मालिश करवून घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. तेलकट टॉवेल गोळा करून बादलीत कोंबून ठेवू नयेत, कारण तिळाच्या तेलासारखी तेले हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण करतात आणि दाबून ठेवलेला ढीग आतून तापत जाऊन पेटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ते त्याच दिवशी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवावेत आणि धुऊन दोरीवर मोकळे वाळत घालावेत.