पाय मोडला माझा, खाडा कुणाचा?

जर्मनीत कामगार आजारी पडला तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. तरीही बरा झाला नाही तर पुढे आरोग्य विमा संस्था ढोबळ पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत रक्कम देते, आणि एकाच दुखण्यासाठी हे सगळं मिळून 78 आठवडे चालू शकतं. नोकरीला लागलो तेव्हापासून मला हा नियम ठाऊक होता. पण प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पगाराची पावती बघणं ही निराळीच गोष्ट. एक युरो कापला नव्हता. आणि मी काही कारखान्यात पडलो नव्हतो, की कामावर जाताना पडलो नव्हतो. रविवारी हौसेनं फिरायला गेलो, बर्फावरून घसरलो आणि घोटा मोडून घेतला. डॉक्टरांनी रजेची नोंद संगणकावरून परस्पर विमा संस्थेला पाठवली. मालकाला त्यातून एवढंच कळतं की हा अमुक तारखेपर्यंत येणार नाही. दुखणं काय आहे, हे त्याला सांगायचं बंधन नाही. साहेबांचा फोन आला तोही "घाई करू नका" म्हणायला.

हे ऐकून केज तालुक्यातल्या आमच्या मामांचा विश्वासच बसेना. "तू फिरायला गेलतास, आन् पैसे कंपनी देती? कंपनीनं ढकललं व्हतं का तुला?" प्रश्न रास्त आहे. मामांच्या उसात दर हंगामाला ऊसतोड मजुरांची टोळी येते. तिथं एक दिवस कोयता चालला नाही की मुकादम खाडा लावतो. ताप असो, बाळंतपण असो, पाय मोडो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे एकटी बाई आजारी पडली तरी फटका जोडीला बसतो. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी, वरून दंड, आणि तो चढतो उचलीवर, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर. हे मराठवाड्यातल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. पण इथं पाय उशीवर ठेवल्यापासून डोक्यात तेवढंच फिरतंय.

आमच्या घरात भांडवलशाही की समाजवाद हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. आईचे वडील शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. भाई उद्धवराव पाटलांची सभा पंचक्रोशीत कुठंही असली तरी हे सायकल काढून हजर. निजामाच्या मागोमाग जहागिरी गेल्या, 1950 चा कूळ कायदा आला, आणि आजोबा कसत होते ती जमीन त्यांच्या नावावर लागली. सरकार मधे पडलं की गरिबाचं भलं होतं, याचा पुरावा त्यांच्या सातबाऱ्यावरच होता. त्यांचा मुलगा, म्हणजे मामा, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत. 1984 च्या परभणीच्या अधिवेशनाला ट्रकमध्ये उभं राहून गेलेले. कापूस एकाधिकार खरेदीत आपला कापूस राज्याबाहेर विकायची बंदी, पैसे कधी मिळतील ते सरकारच्या मर्जीवर. म्हणून सरकार मधून हटलं की शेतकऱ्याचं भलं होतं, याचा पुरावा मामांच्या पावत्यांवर. "भीक नको, हवे घामाचे दाम." बाप-लेक दोघेही लाल रंगाचे, एकाचा बावटा आणि दुसऱ्याचा बिल्ला, आणि जेवायला बसले की आजीला मधे ताट सरकवून वाद तोडावा लागायचा. आता हा वाद घरच्या ग्रुपवर आलाय. संभाजीनगरला प्लॉटिंग करणारा मामेभाऊ रोज एक व्हिडिओ टाकतो, की समाजवादानं अमुक देश कसा बुडाला. माझ्या पगाराची गोष्ट कळल्यावर त्यानं लिहिलं, "तू तर कम्युनिस्ट झालास."

आता गंमत अशी की मी राहतो केम्निट्झला. 1953 ते 1990 या शहराचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं. मार्क्सचा शहराशी संबंध काय? काही नाही. पूर्व जर्मनीच्या सरकारनं नाव दिलं, झालं. भर रस्त्यावर 1971 साली बसवलेलं मार्क्सचं सात मीटर उंच ब्राँझचं मुंडकं आहे आणि मागच्या भिंतीवर "जगातील कामगारांनो, एक व्हा" चार भाषांत. 1990 मध्ये लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं, तीन चतुर्थांश मतं त्या बाजूनं पडली. मुंडकं मात्र ठेवलं. नामांतराच्या बाबतीत आपल्या भागानं काय काय बघितलंय ते आठवून मला या लोकांच्या हिशेबीपणाचं कौतुक वाटतं.

शेजारच्या आजी इथल्याच एका कापडयंत्रांच्या कारखान्यात आयुष्यभर होत्या. माझ्यासाठी सूप घेऊन आल्या तेव्हा मी आजारपणाच्या पगाराचं कौतुक सांगायला लागलो, तर त्यांना त्याचं काहीच वाटेना. त्यांच्या काळी कारखान्याचा स्वतःचा दवाखाना होता, पाळणाघर होतं, भाडं नाममात्र. मग स्वतःच म्हणाल्या, ट्राबांट गाडीसाठी नंबर लावला आणि दहा वर्षांहून जास्त थांबलो. इथं मला आमचा बजाज स्कूटरचा नंबर आठवला. कंपनी खाजगी, पण वर्षाला किती स्कूटर काढायच्या ते दिल्लीचं लायसन ठरवणार. वाळूजचा कारखाना 1985 ला सुरू झाला, आणि आमच्या भागातल्या कितीतरी पोरांचं नशीब त्यानं पालटलं, माझ्या चुलत्यांचंही. म्हणजे आम्ही रांगेत उभे होतो भांडवलशाहीच्या दारात आणि दरवान होता समाजवादी.

आजींच्या घरापासून कासबर्गची टेकडी दिसते. तिथं जुना तुरुंग आहे, आता स्मारक केलंय. पूर्व जर्मनी आपले राजकीय कैदी पश्चिम जर्मनीला विकत असे, आणि बहुतेकांना आधी इथं आणून मग बसमधून पलीकडे पाठवत. 1963 ते 1989 या काळात असे 33 हजारांहून अधिक कैदी गेले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी माणशी भाव 95 हजार मार्कांच्या वर होता. कामगारांच्या राज्यानं माणसं विकली आणि भांडवलदारांच्या राज्यानं पैसे मोजून ती सोडवली. मामेभावाला मी हे मुद्दाम सांगितलेलं नाही. तो त्यावर महिनाभर व्हिडिओ टाकेल.

पण त्याला सांगायला दुसरी बाजूही आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आजारपणाचा पगार पूर्वेकडून आलाच नाही. 1883 चा आरोग्य विम्याचा कायदा तेव्हाचा जर्मन चॅन्सलर बिस्मार्कचा, आणि बिस्मार्कनं पाच वर्षं आधी समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी घातली होती. कामगार त्यांच्या मागं जाऊ नयेत म्हणून त्यानं विमा दिला. माझा सहा आठवड्यांचा पगार तर त्याहून पुढचा. कारकुनांना आजारपणात पगार मिळायचा, कामगारांना नाही. 1956 च्या ऑक्टोबरात उत्तरेकडे श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये गोदीत आणि धातूच्या कारखान्यांत काम करणारे 30 हजारांहून अधिक कामगार संपावर गेले आणि सोळा आठवडे, अख्खा हिवाळा, बाहेर राहिले. पुढच्याच वर्षी कायदा आला, त्यात सुधारणा होत होत 1970 पासून कामगारालाही पूर्ण पगार मिळू लागला. हे सगळं भांडवलशाही पश्चिमेत. पूर्वेला 1953 च्या जूनमध्ये कामगार रस्त्यावर उतरले तेव्हा रशियाचे रणगाडे आले होते. कामगारांच्या राज्यात संप करता येत नव्हता, मालकांच्या राज्यात करता येत होता, आणि माझ्या मोडक्या घोट्याचे पैसे त्या संपातून आलेत. हे समजल्यापासून मला कुठल्याही "शाही" आणि "वादा"च्या नावावर चर्चा करणाऱ्याचा कंटाळा येतो. माणूस अंथरुणाला खिळला तर तो दिवस कुणाच्या खात्यावर पडतो आणि ते खातं बदलायची ताकद कुणात आहे, एवढंच मी आता विचारतो.

आजींपुढे मी गप्प बसलो नाही, हेही सांगतो. आपल्याकडं काहीच नव्हतं असं त्यांना वाटू देणं मला जमत नाही. 1972 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची. त्यातूनच वि. स. पाग्यांच्या कल्पनेची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर. मुंबईचा कारकून कर भरणार आणि बीडच्या बाईला बांधावर काम मिळणार. केंद्राचा 2005 चा रोजगार हमीचा कायदा याच वाटेनं आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही समाजवादी देश होता?" मी म्हटलं, नाही हो, काँग्रेसचं सरकार होतं.

उसाचं कोडं मात्र मला कुणालाच नीट समजावता आलेलं नाही. प्रवरेला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा तो ना भांडवलदाराचा होता ना सरकारचा, शेतकऱ्यांचा होता. चांगलीच कल्पना. पण ऊस तोडणारा त्यात कुठंच नाही. कारखान्यानं पैसे द्यायचे मुकादमाला, मुकादमानं उचल द्यायची कोयत्याला, आणि कोयता ना कारखान्याच्या हजेरीपटावर ना शेतकऱ्याच्या. खाजगी कारखान्यातही हेच, सहकारीतही हेच. 2019 ला सरकारी समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. मला इथं घोट्यासाठी पूर्ण पगार. यापुढं त्या आकड्यांवर मी काही लिहू शकत नाही.

आता जर्मनीची पालखी फार वाहिली, तर थोडं उलटंही. घोट्याचा पुढचा एमआरआय आणि तज्ज्ञाची भेट यासाठी मला जी तारीख मिळाली ती बघून मी हसलो. कित्येक आठवडे पुढची! फोनवर पहिला प्रश्न, "तुमचा विमा सरकारी पद्धतीचा की खाजगी?" दहातल्या एकाकडे खाजगी विमा असतो आणि त्याला तारीख लवकर मिळते. समाजवादाच्या पोटातच भांडवलशाहीची वेगळी रांग. आपल्याकडं अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात गर्दी असेल, खाटेखाली चादर टाकून झोपावं लागेल, पण हाडाचा डॉक्टर त्याच दिवशी बघतो. आणि खिशात पैसे असतील तर लातूरला तासाभरात. मामा म्हणाले, "मग ये की इकडं, दोन दिवसांत चालता करतो तुला." खिशात पैसे असतील तर, हे ते सोडून देतात. आणि मीही खरं तर सोडून देतो, कारण माझ्या खिशात आता असतात.

मामांचा खरा टोमणा वेगळाच आहे. "शरद जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घ्यायला परत आले. तू आमच्या करावर सरकारी कॉलेजात शिकलास आन् आता जर्मनीला विमा भरायलास." याला माझं उत्तर तयार आहे, थोडं जास्तच तयार आहे. माझ्या पगारातून निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी यांचा माझा वाटा दर महिन्याला कापला जातो, आरोग्याचे 14.6 टक्के मी आणि मालक निम्मे निम्मे भरतो. म्हणजे मी फुकट काही खात नाही. गावच्या बोअरचे पैसे मी दिले, भाचीच्या लातूरच्या क्लासचे देतो. आणि शरद जोशी एखादाच असतो, प्रत्येक इंजिनिअरनं आंबेठाणला जमीन घेतली तर चाकणला कारखाने कोण चालवणार? हे शेवटचं वाक्य मामांना पटत नाही. मला पटतं.

काल मामांना मी साधा हिशोब मांडला. कारखान्यानं टनामागे पाच-दहा रुपये वेगळे काढावेत, टोळीतल्या माणसाचा पाय मोडला तर त्याचा खाडा उचलीवर न चढता त्या पैशातून जावा. त्यासाठी उसाच्या दरातले दोन-तीन रुपये शेतकऱ्यानंही सोडावेत. मला वाटलं मामा बिल्ला काढून दाखवतील. ते म्हणाले, "सोडतो. पण कायद्यात चौदा दिवसांत उसाचं बिल द्यायचं लिवलंय, ते आधी द्या म्हणावं. माझं मागच्या हंगामाचं अजून आलं न्हाई. मला मिळालं की मी त्या टोळीतल्या बाईला देतो." मामेभावानं त्याखाली अंगठा दाखवला. अट मला मान्य आहे, फक्त ती कुणाकडे पोहोचवायची ते अजून आमचं ठरायचंय.